ताऱ्याची चाल

युफेमियाचे दोन्ही हात मनगटापर्यंत भाजलेल्या मिरच्यांच्या सालींनी माखले होते. अंगणात गाडी थांबल्याचा आवाज आला, तेव्हा तिने कोपरानेच पडदा सारला आणि खिडकीतून पाहिलं. कोरीना होती. मिस्सा सुटून तास झाला होता तरी चर्चमधले चांगले कपडे अजून तिच्या अंगावर होते.

“दार उघडंच आहे गं,” युफेमिया आतूनच म्हणाली. “आणि गळ्यात पडू नकोस. डोळे चुरचुरतील.”

कोरीना आत आली आणि दारातच थबकली. चाळिशी उलटलेली बाई, खालच्या खोऱ्यातल्या शाळेत रसायनशास्त्र शिकवायची. पण या स्वयंपाकघरात ती अजून उशिरा आलेल्या विद्यार्थिनीसारखी शिरायची. लहानपणी ती युफेमियाच्या नवऱ्याच्या, लिब्राडोच्या हाताखाली शिकली होती. ओहितो गावातली अर्धीअधिक माणसं शिकली होती, म्हणून तो निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली तरी सगळ्यांचा मास्तरच राहिला होता.

“मास्तर कुठे आहेत?”

“पाटाच्या कडेने घरोघर हिंडतोय काठी टेकत. गुरुवारी संध्याकाळी कुणी गाव सोडायचं नाही, असं बजावायला. तू बस. ती पोळी घे, गरम आहे अजून.”

कोरीनाने मक्याची पोळी घेतली, पण तोडली नाही. हातात धरून नुसती चाळवत राहिली.

“मावशी, ती वाट इथून जात नाही.”

युफेमियाने मिरचीचं देठ काढलं, बिया निपटल्या आणि मिरची पातेल्यात टाकली. दुसरी घेतली. मग तिचे हात थांबले.

लिब्राडो तीसएक वर्षं हेच करत आला होता. मंगळाच्या पलीकडे फिरणारे ओबडधोबड दगड, लघुग्रह, कधीमधी एखाद्या ताऱ्याच्या आड येतात. त्या ताऱ्याच्या उजेडात दगडाची सावली पृथ्वीवर पडते, दगडाएवढीच रुंद, आणि डोंगरदऱ्यांवरून धावत निघून जाते. त्या पट्ट्यात जो बसलेला असेल त्याला तारा चार-पाच सेकंद विझलेला दिसतो; पट्ट्याबाहेरच्याला काहीच कळत नाही. सावलीची वाट कुठून जाणार हे लिब्राडो आधी गणित मांडून सांगायचा, आणि त्याच्या शब्दावर माणसं दुर्बिणी गाडीत टाकून अख्खा न्यू मेक्सिको पालथा घालायची. कुणाला काय दिसलं ते जुळवून मग त्या दगडाचा आकार काढायचा. इतक्या वर्षांत ती वाट कधी ओहितोवरून गेली नव्हती. या गुरुवारी जाणार होती. शेताच्या बांधावरून, चर्चच्या घंटेवरून, यांच्याच अंगणातून. लिब्राडोने तसं सगळ्यांना कळवलं होतं.

“नक्की?” युफेमियाने विचारलं.

“आम्ही बघणाऱ्यांपैकी तिघांनी वेगवेगळं मांडून पाहिलं. वाट सत्तर मैल वर जाते, कोलोरॅडोच्या हद्दीत.” कोरीनाने पोळी परत ताटात ठेवली. “मास्तरांनी ताऱ्याची चाल धरली नाही.”

“म्हणजे काय गं?”

“तारे जागच्या जागी दिसतात, पण असतात थोडे सरकते. यादीत ताऱ्याची जागा लिहिलेली असते ती काही वर्षांपूर्वीची. तेव्हापासून आजपर्यंत तो किती सरकला ते त्यात मिळवायचं. त्याला आम्ही चाल धरणं म्हणतो. आमची यंत्रं ते आपोआप करतात. मास्तर मात्र हाताने मांडतात, तुम्हाला माहीतच आहे. स्वतः मांडल्याशिवाय त्यांना पटत नाही.” ती थांबली. “आम्हाला हे त्यांनीच शिकवलं. पहिल्याच दिवशी. गणिताला हात लावायच्या आधी विचारा, चाल धरली का.”

मार्च महिन्यात लिब्राडोच्या मेंदूतली एक शीर तुंबली होती. देवाच्या कृपेने हातपाय वाचले, बोलणंही वाचलं. उजव्या डोळ्याची दृष्टी गेली, डाव्याची निम्मी उरली, आणि मधूनमधून एखादी गोष्ट त्याच्या हातून अशी निसटायची की निसटल्याचा आवाजही व्हायचा नाही. उन्हाळ्यात त्याने एका ताऱ्याचे आकडे उलटसुलट लिहिले होते. ते त्याचं त्यालाच कळलं, आणि त्यानंतरचा सगळा महिना तो भिंतीकडे तोंड करून पडून होता. जेवायला वाढलं तर जेवायचा, नाही तर नाही. गुरुवारच्या या ताऱ्याचं गणित हातात आलं तेव्हा कुठे तो उठून बसला, दाढी केली, आणि कॉफीत साखर कमी पडली म्हणून कुरकुरला. त्या दिवशी युफेमियाने देवापुढे दोन दिवे लावले होते.

“बाकीचे?” तिने विचारलं.

“वर जातील. त्यांना मी खरी वाट कळवलीय. मास्तरांना कुणी एक शब्द बोलणार नाही.” कोरीनाचे डोळे भरले होते; ते मिरचीने की आणखी कशाने, ते कळायला मार्ग नव्हता. “तुम्ही इथून काहीही कळवा, मावशी. तारा गेला म्हणालात तरी चालेल. इथली नोंद मी बाजूला ठेवीन.”

“बाजूला म्हणजे?”

“हिशेबात धरणार नाही.”

“आणि त्याला ते कळणार नाही.”

“नाही.”

युफेमियाने पुढची मिरची उचलली. गुरुवारी दुर्बिणीला डोळा तीच लावणार होती. लिब्राडोला आता तारा दिसत नव्हता, म्हणून या वेळी पाहायचं काम तिचं होतं. इतकी वर्षं ती त्याच्याबरोबर माळावर जायची. थर्मासमधून कॉफी ओतून द्यायची, गाडीत बसून जपमाळ ओढायची. दुर्बिणीला तिने कधी डोळा लावला नव्हता. तिला वाटायचं, ते त्याचं देवघर आहे.

“पोळी खा,” ती शेवटी म्हणाली. “थंड झाली की चामड्यासारखी होते.”

*

त्या संध्याकाळी लिब्राडोने तिला परसात लाकडी खुर्चीवर बसवलं आणि पाटापलीकडच्या घराकडे बोट दाखवलं. तिथे एपिमेनियो राहायचा. गावच्या पाटाचं पाणी कुणाच्या शेतात कधी सोडायचं हे ठरवणारा पाटकरी, त्यामुळे सगळ्या गावाशी भांडण आणि सगळ्या गावाशी दोस्ती असलेला माणूस.

“त्याच्या ओसरीवरचा दिवा दिसतो?”

“दिसतो.”

“तो तारा. एपिमेनियो तो कधीही घालवेल, कधीही लावेल. गेला की म्हणायचं गेला. आला की म्हणायचं आला. मध्ये दुसरं काही बोलायचं नाही.”

“श्वास घेतलेला चालेल का?”

“हळू घे.” त्याने तिच्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला. “एपिमेनियो! कर सुरू!”

“मास्तर, विजेचं बिल तुम्ही भरणार ना?” पलीकडून आवाज आला.

दिवा गेला. “गेला,” युफेमिया म्हणाली. दिवा आला. “आला.” असं पाच-सहा वेळा झालं. मग दिवा नुसताच जळत राहिला. ती वाट पाहत राहिली. डोळ्याला पाणी आलं. पाटातलं पाणी गवतातून सळसळत होतं. एकदा तिला वाटलं, गेला बहुतेक. मग वाटलं, नाही.

“काय झालं?” लिब्राडोने विचारलं.

“काही नाही झालं. आहे तसाच आहे.”

“मग म्हण राहिला.”

“राहिला.”

लिब्राडो खुदकन हसला. “हे त्याला मीच सांगितलं होतं. शेवटी घालवूच नकोस म्हणून. जाणारा तारा कुणालाही दिसतो, म्हातारे. आपण जाईल जाईल म्हणून बसलेलो असतो, मन आधीच गेला म्हणायला टेकलेलं असतं, तेव्हा राहिला म्हणणं जड जातं. चांगल्या चांगल्यांना जमत नाही.” आणि मग, जरा मान देऊन, “तुला जमलं.”

पलीकडून एपिमेनियो ओरडला, “झालं का तुमचं? बायको म्हणते, अंधारात भाजी चिरू का?”

मंगळवारी सकाळी तिने प्रयत्न केला. त्याच्यापुढे अंडी आणि हिरव्या मिरचीचा रस्सा ठेवला, स्वतः समोर बसली आणि म्हणाली, “लिब्राडो, तुझं काही चुकलं असलं तर?”

“चुकलं असलं तर दिसेल. बघायचं कशाला असतं मग?” तो सहज म्हणाला. पण कप बशीत ठेवताना किणकिण झाली, आणि ती थांबवायला त्याने दुसरा हात पुढे केला. “पण या वेळी नाही चुकलं. दोनदा तपासलंय. डोकं आता ताळ्यावर आहे माझं.” त्याने तिच्याकडे पाहिलं, म्हणजे जिथे ती असेल असं वाटलं तिथे पाहिलं, जरा डावीकडे. “आहे ना?”

“आहे,” ती म्हणाली आणि पोळ्या आणायला उठली.

खोटं बोललो का आपण, हे तिला दिवसभर सुटेना. बुधवारी दिवेलागणीला संत इसिद्रोच्या तसबिरीपुढे दिवा लावून ती नेहमीसारखी जपमाळेला बसली आणि तिसऱ्या मण्यावर अडली. मागावं तरी काय? नवऱ्याचा मान राहावा म्हणून आभाळातला एवढा मोठा धोंडा देवाने सत्तर मैल सरकवावा, हे मागणं तिचं तिलाच इतकं ओशाळवाणं वाटलं की तिने डोळे घट्ट मिटून घेतले. तरीही एकदा, मनातल्या मनात, जमल्यास, असं म्हणून झालंच.

*

गुरुवारी ऊन उतरायच्या आधीच अंगण भरायला लागलं. एपिमेनियोच्या बायकोने मक्याच्या पोसोलेचं भलंमोठं पातेलं आणलं होतं. कुणी बडीशेपेची बिस्किटं, कुणी सफरचंदं. आणि ओहितोत प्रत्येक घरी हरणांच्या शिकारीला लागणारी दुर्बीण असल्यामुळे प्रत्येकाच्या गळ्यात एकेक लटकत होती.

“मास्तर, दगड वेळेवर येईल ना?” एपिमेनियोने विचारलं. “नाही, माझं पाणी सोडायचंय उद्या पहाटे.”

“तुझ्या पाण्यापेक्षा वेळेवर येईल.”

सगळे हसले. लिब्राडो इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, बटण गळ्यापर्यंत लावून दुर्बिणीशेजारी उभा होता. लग्नमांडवातल्या मुलीच्या बापासारखा तो प्रत्येकाशी दोन शब्द बोलत होता. सूर्य डोंगरामागे गेला, दक्षिणेला मकर राशीतले तारे एकेक करून उमटले, तेव्हा त्याने काठी जमिनीवर आपटली.

“ऐका. तारा चर्चच्या घंटेच्या वर, दोन बोटं डावीकडे. साध्या डोळ्यांना अंधूक दिसतो, दुर्बिणीतून स्पष्ट. मी सांगेन तेव्हापासून सगळ्यांनी गप्प बसायचं. कुणी कुणाला विचारायचं नाही, कुणी ओरडायचं नाही. एकाचा आवाज दुसऱ्याच्या डोळ्याला खोटं बोलायला लावतो. ज्याला जे दिसेल ते त्याने मनात ठेवायचं आणि मी विचारलं की सांगायचं.”

“आणि पोसोले?”

“नंतर.”

युफेमिया खुर्चीवर बसली. लिब्राडो तिच्या शेजारी उलट्या बादलीवर टेकला. त्याच्या मांडीवर वेळ सांगणारा छोटा रेडिओ होता, दर सेकंदाला टिक करणारा. तिने डोळा लावला. अंधाराच्या गोल तोंडात तारा होता, पिवळसर, इतका शांत की तिला वाटलं, आपण याच्याकडे बघतोय हे त्याला कळलं असावं.

“मिळाला?” लिब्राडो कुजबुजला.

“मिळाला.”

“सोडू नकोस त्याला.” मग तो मोठ्याने म्हणाला, “गप्प!”

अंगण गप्प झालं. एक कुत्रं भुंकलं आणि कुणीतरी त्याचं तोंड धरलं असावं. टिक, टिक, टिक. लिब्राडोचा श्वास तिच्या कानाशी होता, भरभर चाललेला. तो त्या सावलीची वाट बघत होता. याच अंगणावरून, त्याच्या डोक्यावरून, त्याला न दिसता ती जाणार होती, आणि ती गेली की नाही हे त्याला फक्त तिच्या तोंडून कळणार होतं.

आणि तारा होता तिथेच होता.

जा, ती मनात म्हणाली. जा की रे. आपल्याला माहीत आहे हा जायचा नाही, हे तिला त्या घटकेला आठवलंच नाही. डोळ्यात पाणी जमलं, तारा लांबट झाला, थरथरला. पापणी लवू नये म्हणून तिने खुर्चीच्या कडेला बोटं रुतवली.

“गेला!” मागून कुणीतरी ओरडलं. एपिमेनियोचा आवाज होता तो. आणि लगेच दुसरा, “गेला, गेला!” मग तिसरा, मग बायकांचे, मग सगळ्या अंगणाचा. “मास्तर, गेला! गेला हो!” टाळ्या वाजल्या. कुणीतरी शिट्टी वाजवली.

तिने डोळा हलवला नाही. टाळ्यांमधून, शिट्टीमधून ती त्या पिवळ्या ठिपक्याला धरून राहिली. टिकटिक चालूच होती. शेजारी लिब्राडो हललाही नाही, हसलाही नाही. त्याने सांगितलेला सगळा वेळ संपेपर्यंत तो तसाच बसून राहिला, आणि मग हळूच तिच्या गालाला हात लावला.

“सांग.”

अंगणात एकदम शांतता पसरली. सगळ्यांच्या नजरा आपल्या पाठीवर आहेत, हे तिला जाणवलं. बाजूला ठेवीन, कोरीना म्हणाली होती. त्याला कळणार नाही. तिने ओठांवरून जीभ फिरवली.

“राहिला,” ती म्हणाली.

“पूर्ण वेळ?”

“पूर्ण वेळ.”

“पापणी लवली?”

“नाही.”

“अहो मास्तरीणबाई, असं कसं?” एपिमेनियो पुढे आला. त्याचा चेहरा खरोखर कासावीस झाला होता. “आम्ही सगळ्यांनी पाहिला जाताना! एवढी माणसं खोटं बोलतात होय?”

“एपिमेनियो,” लिब्राडो शांतपणे म्हणाला, “तू कुठला तारा बघत होतास?”

“तोच. तो... चिमणीवरचा.”

“मी घंटेवरचा सांगितला होता.”

“चिमणीवरचाही बरा होता की.”

कुणीतरी हसायला लागलं, मग आणखी कुणीतरी, आणि हसण्याने अंगण पुन्हा सैल झालं. लिब्राडोही हसला. “चिमणीवरचा गेला असेल तर गेला असेल. तो मी तपासलेला नाही.” त्याने काठीने पातेल्याकडे खूण केली. “जा, जेवा. निवलं तर तुझी बायको मला बोलेल.”

*

माणसं पातेल्याभोवती गोळा झाली. वाडगे वाजायला लागले. दुर्बिणीपाशी ही दोघंच उरली. लिब्राडोने रेडिओ बंद केला. युफेमिया खुर्चीवरून उठली नाही.  तिने त्याचा गुडघ्यावरचा हात आपल्या हातात घेतला. तो गार पडला होता.

“तू राहिला म्हणालीस,” तो म्हणाला, “पण आवाजात नवल नव्हतं. ज्याला पहिल्यांदा कळतं त्याच्या आवाजात नवल असतं. मी पुष्कळांचे आवाज ऐकलेत.”

तिने त्याचा गार हात दोन्ही हातांत धरला.

“कधीपासून माहीत आहे तुला?”

“रविवारपासून. कोरीना आली होती.”

“म्हणजे दुसरीकडे गेलेत सगळे.”

“हं.”

“कुठे?”

“कोलोरॅडोच्या हद्दीत, असं म्हणाली.”

त्याने मान हलवली; बोटांनी हवेत काहीतरी मोजल्यासारखं केलं, आणि बोटं मिटून घेतली. तो काय मोजत होता ते तिला कळलं नाही, पण मोजून झालं आणि उत्तर मिळालं, एवढं कळलं. आता हा उठेल, आत जाईल, भिंतीकडे तोंड करील, असं तिला वाटलं.

“मी सांगायला हवं होतं,” ती म्हणाली. “दोनदा ओठांवर आलं होतं.”

“मंगळवारी. अंड्यांच्या वेळी.”

“तुला कळलं होतं?”

“काहीतरी आहे एवढं कळलं होतं. मला वाटलं, तुझ्या बहिणीचं काही असेल.” तो थोडा थांबला. “पण एक सांग. तारा जाणार नाही हे तुला रविवारपासून माहीत आहे. मग एवढे डोळे ताणून सगळा वेळ कशाला बघत बसलीस? तुझ्या गालावरून पाणी ओघळलेलं लागलं मला, हात ठेवला तेव्हा.”

युफेमियाने विचार केला. खरं काय ते तिलाही नीट माहीत नव्हतं.

“तू बघ म्हणालास,” ती म्हणाली. “आणि त्या तिघांचं चुकलेलं असेल, असंही वाटत होतं.”

लिब्राडोने तोंड दुसरीकडे वळवलं. पाटापलीकडे एपिमेनियोच्या ओसरीवर दिवा होता. तिकडे तो बघत राहिला, दिसत असो नसो. मग त्याने खिशातून रुमाल काढला, आणि तो तिचे डोळे पुसायला काढलाय की स्वतःचे, हे ठरवल्यासारखा क्षणभर थांबला आणि तिच्या हातात दिला.

“कोरीनाला फोन कर,” तो म्हणाला. “सांग, ओहितो, राहिला. पाहणाऱ्याचं नाव तुझं घालायला सांग. आणि बाजूला ठेवायची नाही म्हणावं. सगळ्यांबरोबर ठेव.”

“ती बाजूला ठेवणार हे तुला कसं कळलं?”

“मी शिकवलंय तिला. मऊ मनाची आहे, पहिल्यापासून.”

युफेमियाने फोन लावला. पलीकडे वारा होता, कोलोरॅडोचा, आणि मागे माणसांचे आनंदाचे आवाज. तिने एवढंच सांगितलं, जेवढं त्याने सांगायला सांगितलं होतं.  “लिहिते, मावशी,” कोरीना म्हणाली. फोन ठेवल्यावर युफेमियाला वाटलं, आता विचारावं. पण काय विचारावं ते तिला सुचेना. पुढच्या महिन्यात मांडणार आहेस का, असं विचारलं आणि तो नाही म्हणाला तर?

तोच म्हणाला, “पुढच्या वेळी वाट कळवण्याआधी तू मला एक गोष्ट विचारायची.”

“काय?”

“ताऱ्याची चाल धरलीस का, म्हणून.”

“मला काय कळतं त्यातलं?”

“कळायचं नाहीये. विचारायचंय.”

तिने रुमालाची घडी घातली, उलगडली. “लिब्राडो,” ती हळूच म्हणाली, “ताऱ्याची चाल धरलीस का?”

“असं नाही. हे तर तू पाद्रीबाबाशी बोलतेस तसं झालं. मी हो म्हणून मोकळा होईन. रश्श्यात मीठ घातलंस का विचारतेस, तसं विचार.”

“मीठ तू कधी घालतोस रश्श्यात?”

“म्हणूनच. त्या आवाजात.”

पातेल्यापाशी एपिमेनियो कुणाला तरी सांगत होता की तारा जाताना त्याने स्वतः पाहिला, चिमणीवरचा, अगदी पुसल्यासारखा. युफेमियाने खुर्ची वळवली, गुडघे लिब्राडोच्या गुडघ्यांना टेकवले, आणि रोजच्या, जरा चढ्या, उत्तर घेतल्याशिवाय हलणार नाही अशा आवाजात विचारलं,

“चाल धरलीस का?”

लिब्राडो हसायला लागला होता. हसता हसता थांबला. त्याने खरोखरच आठवून पाहिलं.

“नाही,” तो म्हणाला.